नाक एकीकडे, वाट दुसरीकडे



मला इथे 'करिअर मार्गदर्शन' करायला बोलावलं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यावर बोलायला माझ्यापेक्षा चांगले लोक मिळतील. म्हणून मी त्या कामाबद्दल बोलतो जे मला अजून नीट येत नाही. गेली दीड वर्षं सुट्ट्या आणि शिल्लक पैसे घालून मी विमान चालवायला शिकतोय, आणि माझं गाडं अडलंय ते आडव्या वाऱ्यात उतरण्यावर.

आधी ठिकाण समजून घ्या. विमान शिकायला अमेरिकेलाच जावं लागतं असं आपल्या पोरांना वाटतं. 1928 साली मुंबईत सुरू झालेल्या फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण धुळ्याजवळ गोंदूरला चालतं. शिरपूरलाही विमानं उडतात. जळगावचं विमानतळ कुसुंब्याला आहे, 2012 मध्ये प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. म्हणजे केळीच्या बागांवरून जी छोटी विमानं घिरट्या घालतात, त्यात आपल्याच वयाची मुलं-मुली बसलेली असतात.

आता वारा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. एका टोकाला 09 लिहिलेलं, दुसऱ्या टोकाला 27, म्हणजे होकायंत्राचे 90 आणि 270 अंश. वारा समोरून आला तर उतरणं सोपं. पण खान्देशातला वारा धावपट्टी बघून वाहत नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांचं एवढं मोठं रान उभं राहिलं ते उगीच नाही. आणि रावेर-यावलचा शेतकरी केळीच्या कडेने शेवरी का लावतो, हे इथल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तापी पोहून पार करणारा माणूस समोरच्या घाटाकडे तोंड करून पोहत नाही. तो धारेच्या वरच्या अंगाला तोंड करतो, तेव्हा कुठे घाटावर लागतो. विमानाचंही तसंच. वारा डावीकडून असेल तर नाक डावीकडे वळवून ठेवायचं. विमान तिरकं दिसतं, पण जातं धावपट्टीच्या सरळ रेषेत. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. समोरच्या काचेतून धावपट्टी दिसतच नव्हती, ती उजव्या कोपऱ्यात होती!

पण तसंच तिरकं उतरता येत नाही, चाकांवर आडवा जोर येतो. म्हणून जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर उजव्या पायाने रडर दाबून नाक सरळ करायचं आणि त्याच वेळी हाताने डावा पंख वाऱ्याच्या दिशेने खाली झुकवायचा. हात डावीकडे, पाय उजवीकडे. आधी डावं चाक टेकतं, मग उजवं, शेवटी नाकाचं. आपल्याकडे म्हणतात, वारा वाहील तशी पाठ द्यावी. इथे पाठ दिली की गेलात.

माझी चूक काय व्हायची? डावं चाक टेकलं की सुटकेचा श्वास टाकून मी हात सैल सोडायचो. वारा पंखाखाली शिरायचा, विमान उचललं जायचं आणि उजव्या कडेला सरकायचं. चाक टेकणं म्हणजे काम संपणं नव्हे, उलट वेग कमी होईल तसा हात आणखी डावीकडे न्यायचा असतो. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं असतं. हाताला मात्र माहीत नव्हतं. आमच्या मॅडमनी 4 वेळा माझ्याकडून कंट्रोल काढून घेतला. पाचव्या वेळी काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

त्यानंतर महिनाभर मी गेलोच नाही. घरी अम्मीला बरंच वाटलं. जुलै 2021 मध्ये चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी प्रशिक्षणाचं विमान कोसळलं होतं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली, गावच्या लोकांनी झोळी करून तिला डोंगरातून खाली आणलं. त्या अपघाताचा आडव्या वाऱ्याशी संबंध नव्हता, हे अम्मीला कसं सांगणार? मी सांगितलंही नाही. तिची भीती खोटी नव्हती.

मग जूनमधला तो दिवस. जळगावहून धुळ्याला जायचं, उतरायचं, परत यायचं. मॅडम शेजारी, पण निर्णय माझा. धुळ्यात आमचं अर्धं खानदान राहतं. चाचूंनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. कुंपणाबाहेर 11 जण मोबाईल उगारून उभे!

वारा 210 अंशांवरून 16 नॉट, झोत 20 पर्यंत. आम्ही 27 वर उतरणार, म्हणजे कोन 60 चा. 60 चं साइन 0.87. सोळाचे 14 आणि विसाचे 17 नॉट आडवे. आमच्या सेसना 172 च्या पुस्तकात 15 लिहिलंय. तेवढ्यात कंपनीच्या वैमानिकाने उतरून दाखवलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती काही माझी लायकी नव्हे.

पहिल्या वेळी धावपट्टीवर आलो, झोत आला, मी मध्यरेषेवरून सरकलो. पूर्ण पॉवर, पुन्हा वर. दुसऱ्या वेळी जवळजवळ टेकलोच होतो. पुन्हा वर. तिसऱ्या फेरीला वळताना कुंपणाजवळचा चाचूंचा पांढरा कुर्ता मला स्पष्ट दिसला. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाऱ्यापेक्षा त्या कुर्त्याची भीती जास्त वाटली. मॅडम गप्प. मी म्हणालो, "मॅडम, आपण जळगावला परत जाऊ." त्या म्हणाल्या, "इंधन बघ." बघितलं, भरपूर होतं. वळलो.

जळगावला वारा बराचसा समोरून होता. नीट उतरलो, हात शेवटपर्यंत डावीकडे धरून. फोन उघडला तर खानदानाच्या ग्रुपवर व्हिडिओ, खाली एका भावाने लिहिलेलं: "भाईजान को ज़मीन पसंद नहीं आई." चाचूंचा फोन आला. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "बिर्याणी केली होती रे, आता डबा पाठवतो."

मॅडमनी त्या दिवशीच्या शेऱ्यात फक्त लिहिलं: निर्णय योग्य. दीड वर्षात मला मिळालेला तो एकमेव चांगला शेरा.

आता व्यवहाराचं. खासगी लायसन्सला दहावी पुरते आणि किमान 40 तासांचं उड्डाण लागतं. व्यावसायिकला बारावीत फिजिक्स-गणित आणि 200 तास. खर्च प्रचंड आहे, त्यात गोड बोलण्यासारखं काही नाही. आणि एक काम आजच करा: दहावीची गुणपत्रिका, आधार, पासपोर्ट यांवर तुमच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे का बघा. माझं 'शेख' तीन ठिकाणी तीन प्रकारे होतं. ते निस्तरण्यात 7 महिने गेले; तेवढ्यात मी वाऱ्याशी जुळवून घेतलं असतं.

पुस्तकं मागच्या टेबलावर ठेवली आहेत, हवी त्यांनी न्या. फक्त हवामानशास्त्राचं परत आणून द्या, माझा तो पेपर अजून बाकी आहे.