चित्रें दुसऱ्याचीं, गाणें तिसऱ्याचें



आजचा विषय माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाच्या तोंडीं जरा विचित्र वाटेल. कारण तो आहे तरुण मुलांच्या एका छंदाचा. जपानांत तयार होणाऱ्या रेखाटलेल्या चलच्चित्रांस 'आनिमे' म्हणतात. त्यांतील निरनिराळे प्रसंग वेंचावयाचे, आवडत्या गाण्यावर ते तालांत बसवावयाचे आणि तीनचार मिनिटांची एक नवीच चित्रकृति सिद्ध करावयाची, असा हा छंद. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'ए. एम. व्ही.' म्हणतात. आतां, चित्रें दुसऱ्याचीं आणि गाणें तिसऱ्याचें. मग करणाऱ्याचें स्वतःचें असें काय? हा प्रश्न मलाहि पडला, आणि त्याचें उत्तर शोधतांना माझीच एक जुनी चूक मला सांपडली.

चित्रें जपानचीं असलीं, तरी या छंदाचा उगम अमेरिकेंत सांगतात. १९७४ सालीं जपानी दूरचित्रवाणीवर अंतराळांत संचार करणाऱ्या 'यामातो' या युद्धनौकेची मालिका आली. १९७९ मध्यें तिचा इंग्रजी अवतार 'स्टार ब्लेझर्स' या नांवानें अमेरिकेंत दाखविण्यांत आला. पुढें १९८२ च्या सुमारास जिम कापोस्तास नांवाच्या एकवीस वर्षांच्या तरुणानें दोन व्हिडिओ रेकॉर्डर एकमेकांस जोडले, त्या मालिकेंतील अत्यंत हिंसक प्रसंग निवडले आणि ते बीटल्स मंडळींच्या 'ऑल यू नीड इज लव्ह' या गाण्यावर बसविले. कानांवर प्रेमाचा महिमा, आणि डोळ्यांपुढें तोफांचा भडिमार! हा उपहास मूळ मालिकेंत नव्हता, मूळ गाण्यांतहि नव्हता. दोहोंना शेजारीं बसविल्यावर तो जन्मास आला. करणाऱ्याचें काय, या प्रश्नाचें पहिलें उत्तर हें.

त्या काळीं हें काम मोठें कष्टाचें होतें. एका यंत्रांत मूळ फीत, दुसऱ्यांत कोरी. हवा तो प्रसंग आला कीं दुसरें यंत्र चालू करावयाचें, संपला कीं थांबवावयाचें. मधलाच एखादा तुकडा लांबवावासा वाटला, तर त्यापुढील सारें काम पुन्हा करणें भाग पडे. शिवाय नकलेची नक्कल काढतांना चित्र पुसट होत जाई. आज संगणकावर कोणताहि तुकडा कोठेंहि हलवितां येतो. पण नजर आणि धीर हीं दोन भांडवलें यंत्र पुरवीत नाहीं.

थोडें गणित मांडतों. मास्तरकीची संवय सुटत नाहीं! चित्रपटांत सेकंदास २४ चौकटी धांवतात. गाण्याची गति मिनिटास १२० ठोके असली, तर एका ठोक्यास अर्धा सेकंद, म्हणजे १२ चौकटी मिळतात. दृश्य तीनचार चौकटी उशिरा बदललें तरी कांहीं तरी बिघडल्याचें जाणत्यास कळतें. त्यांतून पडद्यावरील पात्र बोलत असेल, तर त्याचे ओंठ गाण्याच्या शब्दांशीं जुळवावे लागतात, किंवा तें दृश्यच टाळावें लागतें. अमेरिकेंतील ओटाकॉनसारख्या आनिमे-संमेलनांत अशा चित्रकृतींच्या स्पर्धा भरतात.

आतां चोरीचा आक्षेप. तो पोकळ नाहीं. २००५ सालीं विंड-अप रेकॉर्ड्स या अमेरिकन कंपनीनें आपल्या कांहीं कलावंतांच्या गाण्यांवर बसविलेल्या चित्रकृति एका मोठ्या संग्रहांतून काढावयास लावल्या. उलट २०१० सालीं त्याच देशांत, टीका वा भाष्य करण्यासाठीं अव्यापारी चित्रकृतींत चित्रपटांचे लहान उतारे घेतां यावे, म्हणून तबकडीचें कुलूप उघडण्याची मर्यादित सवलत देण्यांत आली. वाद मिटला नाहीं. पण मूळ कर्त्यांचीं नांवें प्रामाणिकपणें द्यावीं आणि त्यांच्या श्रमावर पैसा मिळवूं नये, एवढें तर शाळकरी पोरासहि समजतें.

आतां माझी चूक सांगतों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं सातवीच्या वर्गांतील एक मुलगा वर्तमानपत्रांतील चित्रें कापून वहींत चिकटवीत असे. एका पानावर दुष्काळानें भेगाळलेली जमीन, आणि शेजारींच लग्नाच्या बँडची जाहिरात! मीं म्हटलें, "अरे, यांत तुझें काय आहे?" आणि वही काढून घेतली. ती मीं परत दिली नाहीं, आणि त्यानेंहि पुन्हा तशी वही केली नाहीं.

गेल्या वर्षीं कॉलेजांत शिकणाऱ्या माझ्या नातवानें आपली पहिली चित्रकृति मला दाखविली. 'आजोबा, पांचच मिनिटें,' म्हणाला. मकोतो शिंकाई यांच्या २००७ सालच्या '५ सेंटिमीटर्स पर सेकंद' या चित्रपटांतील तीं दृश्यें होतीं. रेल्वेच्या फाटकाशीं दोघें एकमेकांजवळून जातात, मध्यें गाडी येते, आणि गाडी गेल्यावर पलीकडे कोणी नसतें. गाणें होतें एक जुनें भावगीत. त्याची आजी स्वयंपाक करतांना तें गुणगुणत असे. तिला जाऊन तेव्हां वर्षहि झालें नव्हतें. अंतरा संपून वाद्यें क्षणभर थांबतात, नेमकें तेथेंच त्यानें तें रिकामें फाटक ठेविलें होतें.

"यांत तुझें काय?" हें वाक्य माझ्या ओंठांवर आलें होतें. तें मीं गिळलें. त्यांत त्याचें काय होतें, हें मला समोर दिसत होतें.

म्हणून पालकांस माझी विनंति आहे. मूल रात्रीं उशिरापर्यंत संगणकासमोर बसलें, तर त्याला अभ्यासाची आठवण अवश्य द्या. पण एकदां शेजारीं बसून विचाराहि, कीं हेंच दृश्य कां घेतलेंस, आणि तें येथेंच कां ठेविलेंस? त्यास उत्तर देतां आलें, तर तें त्याचें स्वतःचें आहे. तीस वर्षांपूर्वीं हा प्रश्न मीं त्या मुलाला विचारावयास हवा होता. तो कोठें असेल, आणि हें भाषण ऐकत असेल, तर त्याची मी येथें क्षमा मागतों.