भाव पडत नाही, गिऱ्हाईक येत नाही

आजचा भाग जरा घरचाच आहे. मी मूळचा पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकचा. विनोबांचा जन्म 1895 साली आमच्याच गावातला. त्या माणसाने पायी फिरून लोकांकडून जमिनी मागितल्या आणि वाटल्या, आणि त्याच गावचा मी, फ्लॅट घेऊन पटकन विकायच्या नादात कसा अडकलो ते सांगतोय! असो.

फेब्रुवारी 2016. पेण शहरात जुना वन-बीएचके 18 लाखांना घेतला. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीत लाखभर गेले. टाइल्स, ओटा, नळ, रंग यांत अडीच लाख. म्हणजे साडेएकवीस. सहा महिन्यांत 25 ला विकायचा, असं गणित. 13 लाख कर्ज, बाकी बाबांच्या पीएफचे.

बघायला लोक यायचे, टाइल्सचं कौतुक करायचे, जायचे. दिवाळीनंतर एकजण नक्की झाला आणि 8 नोव्हेंबरला नोटाबंदी. तो परत आलाच नाही. दुसरा 24 ला तयार होता, पण इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून त्याच्या बँकेने कर्ज अडवलं. माझ्या बँकेने मला दिलं होतं ना, मग मी कशाला विचारतोय! घेताना मी फक्त माझ्यापुरतं बघितलं. पुढचा घेणारा कर्ज काढू शकेल का, हे बघितलंच नाही.

आणि एक गोष्ट तेव्हा कळली. मंदीत आपल्याकडे भाव पडल्यासारखा दिसत नाही. एजंटला विचारा, तो 25 च सांगतो. शेजारीही 25 च सांगतो. फक्त त्या भावाने कोणी घेत नाही. कागदावर तुम्ही फायद्यात असता, आणि महिन्याला बारा हजार हप्ता जातो, त्यात दहा हजारांवर नुसतं व्याज. वर सोसायटीचा मेंटेनन्स हजार.

भाड्याने का नाही दिला? नव्या टाइल्स खराब होतील म्हणून. हसा, हसा.

डिसेंबर 2018 ला साडेतेवीसला गेला. चौतीस महिने. व्याज, मेंटेनन्स, एजंटचे दोन टक्के धरले तर सव्वादोन लाखांच्या आसपास तोटा. घेतलेल्या भावापेक्षा साडेपाच लाख जास्त मिळूनही तोटा, बरं का. फायदा झाला असता तरी आणखी एक होतं: 24 महिन्यांच्या आत घर विकलं की नफा तुमच्या पगारात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो. सहा महिन्यांच्या गणितात मी तो धरलाच नव्हता.

बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्या वर्षी घराचं छप्पर दुरुस्त करायचं राहिलं.

आता अटल सेतू झालाय, नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय, आणि रील्सवर पेणचे प्लॉट 'डबल' व्हायला लागलेत. परवा चुलतभावाचा फोन. "दादा, एक प्लॉट बघितलाय, वर्षात काढू." मी विचारलं, गिऱ्हाईक नाही आलं तर किती महिने हप्ता भरशील?

"बघून सांगतो" म्हणाला. अजून फोन आलेला नाही.