कागदावरील शेवटची ओळ



आम्ही डॉक्टर नव्हे. बी.ए. होऊन बँकेत कारकुनी करतो. तरीही या विषयावर उभे राहिलो ते आमच्या अक्कामुळे. अंघोळ करताना तिच्या हाताला स्तनात हरभऱ्याएवढी गाठ लागली. सोनोग्राफीच्या कागदावर शेवटी लिहिले होते, 'बायरॅड्स ३'. घरात इंग्रजी वाचणारे आम्हीच. आम्ही सांगून टाकले, काही नाही. कागद ट्रंकेत गेला.

वास्तविक ३ म्हणजे गाठ बहुधा साधी, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नाही; परंतु साधारण ६ महिन्यांनी पुन्हा पाहायचीच. ४ आला की सुईने तुकडा काढून तपासतात. या दोन आकड्यांमधले अंतर पडद्यावर फार बारीक असते. अमेरिकेतील डॉ. स्टाव्हरॉस व सहकाऱ्यांनी १९९५ साली ७५० भरीव गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या खुणा मांडल्या आहेत. साधी गाठ लांबट, आडवी पहुडलेली, कडा स्वच्छ. संशयाची गाठ रुंदीपेक्षा उंच, कडा कोनदार, मागे काळी सावली. यांतली एकच खूण दिसली तरी गाठ साधी म्हणता येत नाही. चरबीचा गोळाही फसवतो. पण प्रोब फिरवला की तो लांबत जाऊन शेजारच्या चरबीत मिसळतो. खरी गाठ दोन्ही दिशांनी गाठच राहते. कॅल्शियमचे बारीक कण मात्र सोनोग्राफीतून निसटतात, ते मॅमोग्राफीत दिसतात. आणि भगिनींनो, हाताला गाठ लागत असेल तर नुसत्या चांगल्या रिपोर्टवर विसंबू नका.

बँकेत सहीचा संशय आला की आम्ही नमुना सही काढून ताडतो. डॉक्टरही तसेच जुनी फिल्म मागतात. अक्काला आम्ही १४ महिन्यांनी नेले, तेव्हा फिल्म सापडेना. वर्षानुवर्षांची व्हाउचरे जपणारे आम्ही! गाठ वाढली की होती तेवढीच आहे, हे सांगायला पुरावा नाही. त्यात एक कड किंचित धूसर. ४ लिहिला गेला, सुई टोचली. निकाल येईपर्यंतचे आठ दिवस अक्का कोणाशी धड बोलली नाही.

गाठ साधी निघाली. घरी परतताना तिने एवढेच विचारले, "कागद तू वाचला होतास ना रे?"