बांधणी अडते तेव्हा : मूळ संहितेपासून लिनक्स उभारताना
(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



भाषेच्या अकादमीत लिनक्सवर बोलायचे म्हटल्यावर काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. ती साहजिक आहे. पण आज मी जे सांगणार आहे, त्याचा मोठा भाग यंत्राविषयी नसून वाचनाविषयी आहे. शिक्षक म्हणून मला वारंवार दिसते की संगणकाने पडद्यावर चार ओळींचा नकार लिहिला की हुशार विद्यार्थीही त्या ओळी वाचत नाही. तो थेट शेजाऱ्याला विचारतो, किंवा सगळे पुसून पुन्हा सुरुवात करतो. मजकूर समोर असताना तो न वाचण्याची ही सवय मोडायची कशी, हा माझा आजचा विषय.

आधी थोडी पार्श्वभूमी. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रसिद्ध केला. आपण ज्याला लिनक्स म्हणतो ती पूर्ण प्रणाली मात्र कर्नल, जीएनयू प्रकल्पातील साधने आणि इतर अनेक प्रकल्पांच्या संहिता मिळून होते. बहुतेक लोक ती तयार स्वरूपात घेतात. तीच प्रणाली सोर्स कोडपासून, म्हणजे मूळ संहितेपासून, स्वतःच्या हाताने कशी उभारावी हे शिकवणारे एक पुस्तक जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९मध्ये सुरू केले. त्याचे नाव ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’. आजही ते विनामूल्य मिळते आणि अद्ययावत ठेवले जाते. त्यात ८०च्या आसपास संचिका क्रमाने बांधायच्या असतात. मी विद्यार्थ्यांकडून हे काम करून घेतो. ते पूर्ण झालेच पाहिजे असा माझा आग्रह नसतो. ते वाटेत अडते, आणि अडल्यावर काय करायचे हेच खरे शिक्षण असते.

या कामात एक मूळचाच पेच आहे. कंपायलर बांधायला कंपायलर लागतो. म्हणून ज्या संगणकावर आधीच लिनक्स चालते आहे, त्याला यजमान मानायचे. यजमानाच्या कंपायलरने एक तात्पुरता कंपायलर बांधायचा, त्याने पायाभूत लायब्ररी आणि लहानमोठी साधने बांधायची, मग यजमानाकडे पाठ फिरवून नव्या घरात शिरायचे आणि अंतिम प्रणाली तिथल्याच साधनांनी बांधायची. अडचणींचे मूळ बहुधा या एका प्रश्नात सापडते : आत्ता जे हत्यार चालते आहे ते यजमानाचे की आपले?

आता पहिला नियम. चुकीचा शोध शेवटच्या ओळीत संपत नाही, तिथून तो सुरू होतो. बांधणीचे काम ‘मेक’ हा प्रोग्राम करवून घेतो. काम फसले की तो शेवटी ‘एरर २’ असे लिहितो. विद्यार्थी हा ‘एरर २’ घेऊन माझ्याकडे येतो. पण त्या आकड्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की वरच्या मेकने खालच्या मेकला काम दिले होते आणि ते फसल्याचा निरोप वर आला. जरा वर सरकले की ‘एरर १’ दिसतो. तो सहसा कंपायलरचा निरोप असतो. त्याच्याही वर खरे वाक्य असते : अमुक फाइल, अमुक ओळ, अमुक नाव ठाऊक नाही. ‘एरर १२७’ दिसला तर जो प्रोग्राम चालवायचा होता तोच सापडला नाही. म्हणजे आकडेही बोलतात, पण वाचत वाचत पहिल्या तक्रारीपर्यंत जावे लागते. तिच्या खालच्या तक्रारी बऱ्याचदा त्या एकीचीच पिल्ले असतात.

वेळ वाचावा म्हणून मेकला एकाच वेळी चार-आठ कामे चालवायला सांगता येते. मग चार जणांचे बोलणे एकमेकांत मिसळते आणि पहिली तक्रार शंभर ओळी वर गाडली जाते. अशा वेळी तीच बांधणी एकेरी चालवावी, म्हणजे तक्रार शेवटी येऊन थांबते. सगळा मजकूर फाइलमध्ये साठवावा. तो ‘टी’ या प्रोग्रामकडे वळवून साठवत असाल, तर एक खोच लक्षात ठेवा : शेल अशा साखळीतील शेवटच्या प्रोग्रामचा निकाल धरते. मेक फसला तरी टी यशस्वी होतो, आणि पुढची आज्ञा बिनदिक्कत सुरू होते. शेलला ‘पाइपफेल’ हा पर्याय सांगितला की ही फसगत टळते.

दुसरा नियम : संहितेवर संशय घेण्याआधी परिस्थिती तपासा. डिस्क भरली आहे का? स्मृती संपल्यामुळे कर्नलने कंपायलरलाच ठार केले का? तसे असेल तर तक्रारीत ‘किल्ड’ हा शब्द असतो, आणि एका वेळची कामे कमी केल्यावर बांधणी पुढे सरकते. घड्याळ बरोबर आहे का? मेक फाइलींच्या वेळा ताडून काय नव्याने बांधायचे ते ठरवतो. जुन्या संगणकाची बॅटरी संपून तारीख मागे गेली असेल, तर तो नको ते पुन्हा बांधतो आणि हवे ते सोडून देतो. ज्या फोल्डरमध्ये काम चालले आहे त्याच्या नावात मोकळी जागा आहे का? ‘माझे काम’ असे दोन शब्दांचे नाव आपल्याला सोयीचे वाटते, पण मेकला ती दोन वेगळी नावे वाटतात.

या नियमाचे मोल मला एका विद्यार्थिनीमुळे नीट कळले. तिची जीसीसीची बांधणी रोज वेगळ्या ठिकाणी मोडत होती. मराठी माध्यमातून आलेली ही मुलगी. इंग्रजी सूचना आपल्यालाच समजत नाहीत असा तिने ठाम ग्रह करून घेतला आणि विषय सोडायचे ठरवले. मी तिला एकच प्रश्न विचारला : तीच आज्ञा, तीच संहिता, मग चूक रोज जागा का बदलते? आज्ञा चुकली असेल तर चूक एकाच ठिकाणी येते. जागा बदलणारी चूक बहुधा यंत्राची असते. रात्रभर स्मृतीची चाचणी चालवली, तेव्हा दोन पट्ट्यांपैकी एक सदोष निघाली. ती काढल्यावर बांधणी पूर्ण झाली. तिच्या इंग्रजीचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. पण हा प्रश्न कोणी विचारला नसता, तर ती आयुष्यभर तसेच मानत राहिली असती.

तिसरा नियम : नकार देणाऱ्याची रोजनिशी वाचा. बहुतेक संचिकांमध्ये बांधणीपूर्वी ‘कॉन्फिगर’ ही पटकथा चालते आणि यंत्राची शेकडो बारीकसारीक परीक्षणे घेते. ती कधी म्हणते, ‘कंपायलर चालण्याजोगी फाइल तयार करू शकत नाही.’ विद्यार्थी लगेच कंपायलर पुन्हा बांधू लागतो. पण ही पटकथा ‘कॉन्फिग डॉट लॉग’ नावाची फाइल मागे ठेवते. तिने नेमकी कोणती आज्ञा दिली आणि काय उत्तर आले, हे त्यात शब्दशः असते. तिथे पाहिले की कळते, एखादा पर्याय लिहिताना अक्षर राहिले आहे किंवा लायब्ररीचा मार्ग चुकला आहे.

आणि एक पथ्य. फसलेल्या बांधणीच्या अवशेषांवर दुसरा प्रयत्न करू नये. संहितेचा फोल्डर पुसावा, मूळ गठ्ठा पुन्हा उलगडावा. नाहीतर आजची चूक कोणती आणि कालची उरलेली कोणती, हे सांगता येत नाही.

चौथी गोष्ट नियम नाही, इशारा आहे. काही नकार आपल्या रक्षणासाठी असतात. नव्या प्रणालीची जागा एका चलात लिहिलेली असते. नवे टर्मिनल उघडल्यावर ते चल रिकामे राहिले, तर फाइली नव्या घराऐवजी यजमानाच्या मुळाशी जाऊन बसू पाहतात. म्हणूनच पुस्तक सुरुवातीचे टप्पे मर्यादित अधिकाराच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने करायला सांगते. त्याला ‘परवानगी नाकारली’ असे उत्तर मिळते. घाईतला माणूस तिथे सर्वाधिकार घेऊन तीच आज्ञा पुन्हा देतो आणि चालता संगणक मोडून बसतो. नकार आला की तो ओलांडायचा कसा हे नंतर पाहावे; तो का आला हे आधी विचारावे.

याउलट, काही दोष मुळी बोलतच नाहीत. बांधणी सुरळीत होते, पण नव्या प्रोग्रामची नाळ यजमानाच्या लायब्ररीशी जुळलेली राहते. म्हणून पुस्तक मधेच थांबून एक रिकामा प्रोग्राम कंपाइल करायला लावते आणि तो कोणत्या लोडरचे नाव घेतो ते तपासायला सांगते. दोन मिनिटांची ही तपासणी टाळली, तर दोष फार उशिरा, भलत्याच ठिकाणी उगवतो. शेवटी कर्नल सुरू होताना ‘मूळ फाइलप्रणाली जोडता येत नाही, अज्ञात साधन ०,०’ असा आक्रोश येतो, तोही असाच वाचावा. दोन्ही शून्ये असतील तर कर्नलला ती डिस्क ओळखताच आलेली नाही : तिचा चालक कर्नलमध्ये घातलेला नाही किंवा डिस्कचे नाव चुकले आहे. पहिला आकडा ८ असेल तर डिस्क सापडली आहे, आणि मग फाइलप्रणालीचा आधार कर्नलमध्ये आहे का ते पाहावे. दोन अंकांत निम्मे उत्तर असते.

आता आपल्या भाषेकडे येतो. बांधणीच्या काळात पुस्तक संगणकाची भाषा मुद्दाम तटस्थ, ‘पॉझिक्स’ ठेवायला सांगते. त्यामागे कारण आहे. अनेक पटकथा दुसऱ्या प्रोग्रामचे उत्तर वाचून पुढचे ठरवतात. उत्तराची भाषा बदलली की त्या गोंधळतात. तुर्की भाषेत लहान ‘आय’चे मोठे रूपही टिंबासह लिहितात, त्यामुळे तुर्की वातावरणात इंग्रजी शब्दांची रूपे बदलून काही प्रोग्राम मोडल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. प्रणाली उभी राहिली की मात्र मराठी आपल्याला मागून घ्यावी लागते. ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीत भारतातील मराठीची व्याख्या आहे, पण पुस्तकातील किमान यादीपुरते थांबले तर ती बसवली जात नाही. ती सांगून बसवावी लागते.

तेवढ्यानेही अक्षरे नीट दिसत नाहीत. लिनक्सच्या साध्या मजकूर-पडद्यावर एका वेळी फार तर ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरे घडवण्याची सोयच नसते. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर वाटते. संगणकात ती चार चिन्हे आणि यूटीएफ-८मध्ये १२ बाइट असतात. त्यांचे एक अक्षर घडवण्याचे काम चित्रमय पडद्यावर हार्फबझसारखी लायब्ररी करते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द लिहून पाहावे. समुद्र आणि डोंगरांमधल्या दऱ्या यांतला फरक दिसला, तर ही साखळी शाबूत आहे.

आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडे आणखी एक अडचण येते. इथे देवनागरी म्हणजे हिंदी असे संगणकाला आधीच सांगून ठेवलेले असते. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ काही फाँटांत असतो, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे कळवले तरच तो पडद्यावर येतो. कळवले नाही तर आपल्या अंकात, पत्रिकेत, मुलांच्या वहीत हिंदी वळण बसते आणि फाँट वाईट आहे असे आपण म्हणतो. फाँट आज्ञाधारक असतो. त्याला आपली भाषा कोणी सांगितलेली नसते.

मग सगळ्या तक्रारी मराठीतच का नसाव्यात, असा प्रश्न इथे हमखास विचारला जातो. तांत्रिक सोय आहे. जीएनयू गेटटेक्स्ट ही व्यवस्था त्यासाठीच आहे. वापरणाऱ्यासाठीचे मजकूर जरूर मराठीत यावेत. बांधणीतल्या तक्रारींबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. मूळ वाक्य जसेच्या तसे राहिले, तरच ते जगात कुठेही शोधता येते आणि कोणालाही दाखवता येते. मराठीत हवे आहे ते त्याचे विवरण : हे वाक्य कोण बोलते आहे, कशाबद्दल, आणि आधी काय पाहावे. जुन्या ग्रंथांच्या बाबतीत आपण हेच केले. संहिता तशीच ठेवली आणि टीका आपल्या भाषेत लिहिली.

म्हणून माझ्या वर्गात मदत मागण्याआधी मराठीत पाच ओळी लिहाव्या लागतात. मी काय करत होतो. कोणती आज्ञा दिली. काय होईल असे वाटले होते. प्रत्यक्ष काय झाले. इथे मूळ वाक्य जसेच्या तसे. आणि दुसऱ्यांदा केल्यावर तेच झाले का. पाच ओळी लिहून होईपर्यंत निम्मे विद्यार्थी वही मिटून परत जातात, कारण उत्तर त्यांना सापडलेले असते. उरलेल्यांची वही मी वाचतो आणि बहुधा वहीतूनच उत्तर देतो.

इथे बसलेल्या मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. शाळेत आपण उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारतो. त्या उताऱ्यांत वर्षातून एकदा तरी यंत्राने लिहिलेला एखादा नकार घ्या. हे वाक्य कोणाचे, कोणाला उद्देशून, त्यात माहिती किती आणि निरोप्याची भर किती, एवढे विचारा. त्याला संगणक लागत नाही, खडू-फळा पुरतो. अशा वर्गातून आलेला विद्यार्थी पुढे माझ्याकडे आला, तर त्याला लिनक्स शिकवणे मला फार सोपे जाईल.