परत आलेल्यांची विचारपूस



दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन दल आपल्या शहिदांना मानवंदना देतं. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोटकं भरलेलं जहाज उडालं आणि दलाचे ६६ जण गेले. त्यांचं स्मरण व्हायलाच हवं. मला मात्र आज जिवंत परत येणाऱ्यांविषयी बोलायचं आहे.

आमच्या शेजारी दलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. रमजानमध्ये एकदा इफ्तारला आले होते. बाहेर फटाका वाजला आणि त्यांच्या हातातला खजूर गळून पडला. काकू हळूच म्हणाल्या, "झोपेत अजून कुणाला तरी हाका मारतात." मी विचारलं, "काका, कधी कुणाशी बोललात?" ते हसले. "बोलायचं काय त्यात? ड्युटी होती."

१९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं भर पावसात डोंगर चढून गेली, कुदळ-फावड्यांनी चिखल उपसत राहिली. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. तो डोंगर उतरणाऱ्याच्या मनात काय चाललं असेल? अंगावरचा चिखल धुऊन निघतो. 'आणखी थोडं खणलं असतं तर?' हा प्रश्न घरापर्यंत सोबत येतो.

झोप उडते, चिडचिड होते, दारू वाढते, माणूस घरात असून नसल्यासारखा वागतो. याला भित्रेपणा म्हणू नका. ही कामावर झालेली जखम आहे. दुर्लक्ष झालं तर एखाद्याच्या मनात जीव देण्याचे विचारही येऊ लागतात. तशी शंका आली तर सरळ विचारावं. विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मानसिक आरोग्याच्या २०१७च्या कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं आहे. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. आणि आग विझवून आलेल्याला साहेबांनीच 'तू कसा आहेस?' म्हणून विचारलं, तर मदत मागण्यात त्याला कमीपणा वाटणार नाही.

परवा मी काकांना पुन्हा विचारलं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी होती..."

चहा गार झाला. मी उठलो नाही.