जागा खेळाडूची की अधिकाऱ्याची?

आज अमेरिकेतल्या एका जुन्या वादाबद्दल बोलू या.

वेस्ट पॉइंट ही तिथल्या लष्कराची अकादमी १८०२ सालची, तर अ‍ॅनापोलिसची नौदल अकादमी १८४५ सालची. दोन्हीकडे शिक्षण मोफत आहे, वर दरमहा पगारही मिळतो. बदल्यात पदवीनंतर किमान पाच वर्षं सेवा करायची. वेस्ट पॉइंटमध्ये दरवर्षी साधारण १२०० मुलामुलींना प्रवेश मिळतो आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात. पण यातल्या काही जागा फुटबॉल, बास्केटबॉल, कुस्तीच्या प्रशिक्षकांनी हेरून आणलेल्या खेळाडूंना मिळतात. काँग्रेस सदस्याची वगैरे शिफारस त्यांनाही लागते. मात्र गुण कमी पडले, तर अकादमीच्या पूर्वतयारी शाळेत वर्षभर शिकून त्यांना आत येता येतं.

आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत क्रीडा कोटा नाही. यूपीएससीची लेखी परीक्षा, मग एसएसबीची मुलाखत. त्यामुळे आपल्याला हा सरळ अन्याय वाटतो. तो तसा आहे का?

खेळाडूंच्या बाजूने पहिला मुद्दा येतो तो असा, की मैदानावर सोसण्याची, एकत्र लढण्याची सवय लागते, आणि अधिकाऱ्याला तेच हवं. आयझेनहॉवर वेस्ट पॉइंटच्या १९१५ च्या तुकडीतले. तेही तिथे फुटबॉल खेळत, गुडघा दुखावेपर्यंत. मुद्दा खरा आहे. पण पहिल्या महायुद्धानंतर मॅकआर्थर अकादमीचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी प्रत्येक कॅडेटला आपसातले सामने सक्तीचे केले. म्हणजे मैदानाचे संस्कार सगळ्यांनाच मिळतात. त्यासाठी बाहेरून तयार खेळाडू आणायची गरज नाही. तो आणला जातो मुख्यतः सामना जिंकण्यासाठी. १८९० पासून चालत आलेला लष्कर विरुद्ध नौदल हा फुटबॉल सामना सारा देश पाहतो, हे विसरू नका.

मग या खेळाडूंना जागा देऊच नये का? माझं मत तसं नाही.

रॉजर स्टॉबॅक पाहा. नौदल अकादमीने त्याला फुटबॉलसाठी हेरलं. आधी एक वर्ष त्याने न्यू मेक्सिकोतल्या लष्करी संस्थेत काढलं, मग अ‍ॅनापोलिसला आला. १९६३ साली देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा हाइझमन पुरस्कार त्याला मिळाला. पुढे नौदलात चार वर्षं काढली, त्यातलं एक व्हिएतनाममध्ये पुरवठा अधिकारी म्हणून. व्यावसायिक मैदानात तो उतरला १९६९ साली, २७ व्या वर्षी. त्याने ती जागा पुरेपूर फेडली.

अकादमीनेही नियम सर्वांना सारखा ठेवायला हवा. १९५१ साली वेस्ट पॉइंटमध्ये परीक्षेतले प्रश्न आधीच एकमेकांना कळवल्याचं उघड झालं. सुमारे ९० कॅडेट बाहेर गेले. त्यांत फुटबॉल संघातले कितीतरी होते, खुद्द प्रशिक्षकाचा मुलगाही होता. संघ मोडला, पण नियम वाकला नाही.

अलीकडे मात्र वाकवावाकवी झाली. पदवीनंतर लगेच व्यावसायिक खेळाकडे जायची वाट २०१७ साली संरक्षणमंत्री मॅटिस यांनी बंद केली. २०१९ साली, ट्रम्प यांच्या सांगण्यावरून, सेवा पुढे ढकलण्याची मुभा पुन्हा मिळाली. २०२२ च्या अखेरीस काँग्रेसने तिला आवर घातला, पण आधीच दाखल झालेल्यांना सूट दिली.

माझा आक्षेप इथे आहे. प्रवेशाच्या वेळी खेळाडूला झुकतं माप दिलं, तर एका चांगल्या उमेदवाराची जागा जाते. ती भरपाई एकाच गोष्टीने होते: तो खेळाडू अधिकारी होऊन आपल्या तुकडीपुढे उभा राहतो. प्रवेशाला सवलत आणि सेवेलाही सवलत, असं दोन्ही दिलं, तर करदात्यांच्या पैशावर व्यावसायिक संघासाठी खेळाडू घडवले, एवढंच उरतं.

म्हणून खेळाडूला जरूर घ्या. पण पहिल्याच दिवशी त्याला स्वच्छ सांगा, की ही जागा अधिकाऱ्याची आहे. उद्या ३०-४० जवानांचा जीव तुझ्या हाती असेल, आणि तू शाळेत किती गोल केलेस हे त्यांतला एकही जण विचारणार नाही.