नसांची घडण आणि कुष्ठरोग
(केज येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



तापलेल्या तव्याला बोट लागताच आपण हात मागे घेतो. ही खबर पोचवणाऱ्या नसा कशा घडतात, हे थोडक्यात सांगतो.

नसेतील तंतू विजेच्या तारेसारखा असतो. त्याभोवती श्वान पेशी गुंडाळल्या जातात. १८३९ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांनी त्यांचे वर्णन केले. हे काम आईच्या पोटातच सुरू होते. तंतू न्यूरेग्युलिन या प्रथिनाने श्वान पेशीला जणू हुकूम देतो. मग ती पेशी 'पी-झीरो' नावाचे प्रथिन बनवू लागते. तेच वेष्टणाचे थर एकमेकांना घट्ट धरून ठेवते. नवजात बाळाच्या नसेत संदेशाचा वेग मोठ्या माणसाच्या निम्म्याच्या आसपास असतो. चार-पाच वर्षांत तो बरोबरीला येतो.

श्वान पेशीच्या बाहेर लॅमिनिन या प्रथिनाचे अस्तर असते. घडणीला आवश्यक असलेले हेच अस्तर कुष्ठरोगाचा जंतू पकडतो आणि पेशीत शिरतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली हे दाखवून दिले. नस निकामी झाली की स्पर्श जातो. चटका कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे वाकडी होतात. अशा हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. नोशीर अंटिया यांनी मुंबईत 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' ही संस्था काढली. तेथे कुष्ठरोगातील नसांवर संशोधन झाले.

म्हणजे हा रोग कोणाच्या पापाचे फळ नव्हे, जंतूचे काम आहे. मुलाच्या अंगावर फिकट वा लालसर, बधिर चट्टा दिसला तर तो लपवू नका. मुलीच्या लग्नाच्या काळजीने तर मुळीच नको. लपवलेल्या काळातच नस मरते, आणि मेलेली नस औषधाने सहसा परत येत नाही. सरकारी दवाखान्यात गोळ्या मोफत मिळतात. उपचार सहा ते बारा महिन्यांचा असतो. आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून पुढच्या गोळ्यांची सोय करून घ्यावी. मध्येच खंड पडू देऊ नये.

विद्यार्थी मित्रहो, असा रोगी वर्गात असला तर त्याच्या शेजारी बसा. उपचार सुरू झालेल्या रोग्यापासून भीती नाही. ज्ञानाचा खरा उपयोग हाच आहे.